चार मेणबत्त्या आणि मधली पाचवी : वसईच्या वाड्यांतला नाताळ

रविवार, २२ डिसेंबर २०२४

वाईहून रात्रीची एसटी पकडली की पहाटे बोरिवलीत उतरता येतं. रविवारी पहाटे विरारकडे जाणाऱ्या लोकलमध्ये चक्क बसायला जागा मिळते. नालासोपाऱ्याला मित्र स्कूटर घेऊन उभा होता. पश्चिमेला बराच वेळ इमारतींची दाटी आहे. मग सोपारा मागे पडतं, रस्ता निर्मळच्या दिशेने निघतो आणि एकदम केळीच्या बागा, विहिरी, पानवेली सुरू होतात. प्रत्येक घरावर कागदाचा नाहीतर प्लास्टिकचा तारा. दिवस उजाडला होता तरी काही ताऱ्यांतले दिवे तसेच चालू होते.

"चहा नंतर. आधी मिस्सा," मित्राने जाहीर केलं. मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना. यायचंच तर चौथ्या रविवारी ये, हा आग्रहही त्याचाच. नुसता चोवीस तारखेला आलास तर लायटिंग बघून परत जाशील, म्हणाला होता.

नाताळाआधीच्या चार रविवारांचा काळ म्हणजे आगमनकाळ. वेदीच्या बाजूला हिरव्या फांद्यांचं कडं होतं. त्यात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. दर रविवारी एक वाढवत आणलेल्या, आज चारही पेटल्या होत्या. मध्ये पाचवी होती, जाड आणि पांढरी, तिला कुणी हात लावला नव्हता. फादरांचा झगाही जांभळा. हा रंग पश्चात्तापाचा, म्हणून तो ईस्टरआधीच्या उपवासकाळात येतो आणि इथेही येतो. बाहेर रस्त्यावर लाल-हिरवी झगमग आणि आत जांभळा रंग, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला जरा खटकतंच. शिवाय एरवी रविवारी म्हटलं जाणारं 'स्वर्गात परमेश्वराचा गौरव' हे स्तोत्र या चार रविवारी म्हणत नाहीत. ते राखून ठेवतात. कशासाठी, ते मंगळवारी रात्री कळलं.

पहिलं वाचन मीखा संदेष्ट्याचं होतं. बेथलेहेमा, यहूदाच्या कुळांत तू लहान आहेस, पण इस्राएलवर सत्ता चालवणारा तुझ्यातूनच निघेल, असा त्याचा आशय. मग लूकच्या शुभवर्तमानातला प्रसंग. नुकतीच दिवस गेलेली मरिया डोंगराळ भागात आपल्या नात्यातल्या अलिशिबेला भेटायला जाते. अलिशिबा उतारवयात गरोदर आहे, आणि मरियेचा आवाज ऐकताच तिच्या पोटातलं बाळ उडी मारतं. फादर तरुण होते, बोलले थोडंच. जगाच्या तारणाची बातमी पहिल्यांदा फुटली ती दोन गरोदर बायकांच्या भेटीत, एक म्हातारी, एक कोवळी पोर. राजवाड्यात कुणाला पत्ताही नव्हता. एवढं सांगून ते बसले.

मित्राची आजी ऐंशी पार केलेली. घरात ही मंडळी कादोडी ही इथली बोली बोलतात, चर्चमध्ये मात्र प्रमाण मराठी. आजीला लॅटिन मिस्सा आठवते. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि त्यानंतर उपासना लोकांच्या भाषेत आली. त्याआधी फादर लोकांकडे पाठ करून उभे असत आणि आजी लॅटिन उत्तरं पाठ म्हणत असे, अर्थ एका अक्षराचा माहीत नसताना. "तेव्हा कळत नव्हतं, पण गप्प बसायला जमायचं. आता कळतं तर पोरं मोबाइल बघतात," असं तिचं म्हणणं.

दुपारी स्वयंपाकघरात कलकल वळायला बसलो. रवा-मैद्याची सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबायची आणि पुढे ढकलत गुंडाळायची, की रेघारेघांची शंखासारखी वळी होते. मित्राची आई, म्हणजे काकू, न बघता वळत होत्या. माझ्या वळ्या उलगडत होत्या, त्या कढईत जाण्याआधी आजी मुकाट्याने पुन्हा दाबून देत होती. वळता वळता तिने मला एक गोष्ट सांगितली. ती लहान असताना आगमनकाळात मुलांनी एखादं चांगलं काम केलं, हट्ट सोडला, भांडण मिटवलं, की नाताळाच्या देखाव्यातल्या गव्हाणीत गवताची एक काडी टाकायची. बाळ येशू येईपर्यंत अंथरूण मऊ झालं पाहिजे. "आमच्या गव्हाणीत बहुतेक दगडच लागले असतील त्याला," काकू म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

सोमवार, २३ डिसेंबर

सकाळी वसईचा किल्ला. ही तारीख इथल्या इतिहासातली आहे. २३ डिसेंबर १५३४ या दिवशी गुजरातच्या बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. नाताळाच्या तोंडावर केलेला हा तह पुढे दोनशे वर्षं टिकला. त्या काळात धर्मांतरं झाली, काही श्रद्धेने, काही फायद्यासाठी, काही दडपणाखाली. इथली जुनी माणसं हे सांगताना अवघडत नाहीत. मित्र म्हणाला, "पणजोबांचे पणजोबा कसे ख्रिस्ती झाले ते मला माहीत नाही. मी का आहे ते मला माहीत आहे."

किल्ल्यात सेंट जोसेफ कॅथेड्रलचा बुरूज अजून उभा आहे, छप्पर नाही. जेझुइट धर्मसंघाचं 'येशूचं पवित्र नाव' हे चर्च, फ्रान्सिस्कन धर्मसंघाचं चर्च, सगळीकडे वडाच्या मुळ्या भिंतीत शिरलेल्या आणि प्री-वेडिंग शूटिंगवाल्यांची वर्दळ. गोन्सालो गार्सिया याच गावचा. पुढे तो फ्रान्सिस्कन झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस सोबत्यांबरोबर क्रुसावर गेला. १८६२ मध्ये त्याला संत घोषित केलं गेलं. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत तो.

१७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला तेव्हा चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. त्यातली एक आमच्या वाईजवळ मेणवलीच्या घाटावर मेणेश्वराच्या देवळापाशी टांगलेली आहे. १७०७ साल आणि कडेवर बाळ घेतलेली मरिया तिच्यावर उठावात आहे. शाळेत असताना सहलीत आम्ही ती वाजवायचो आणि ती बाई म्हणजे कुठली तरी देवी, असं धरून चालायचो. ही गोष्ट मी कॅथेड्रलच्या दारात सांगितल्यावर मित्राने विचारलं, "आवाज अजून चांगला आहे का?" आवाज उत्तम आहे.

संध्याकाळी जे पाहिलं ते नाताळाच्या कुठल्याच जाहिरातीत नसतं. चर्चच्या पटांगणात आंब्याखाली आणि भिंतीच्या कडेला लांब लांब अंतरावर खुर्च्या टाकलेल्या, प्रत्येक खुर्चीत एक फादर. आजूबाजूच्या धर्मग्रामांतून, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दींतून, मदतीला आलेले. समोर रांगा. मासे विकून आलेल्या बायका, कॉलेजची पोरं, इस्त्रीच्या शर्टातले बँकवाले, लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या. एकेक जण जाऊन गुडघे टेकतो, हळू आवाजात बोलतो, फादर डोक्यावर हात धरून पापक्षमेचे शब्द म्हणतात आणि माणूस उठून बाजूला प्रार्थनेला बसतो. कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादर कोणत्याही कारणाने कुणालाही सांगू शकत नाही. जाणूनबुजून सांगितलं तर तो आपोआप चर्चमधून बहिष्कृत होतो. पोलीस, कोर्ट, बिशप, कुणीही विचारो.

मी लांब कट्ट्यावर बसून होतो. आपल्याकडे सणाच्या आधी घर झाडतात, भांडी घासतात, तेही इथे चालूच होतं. पण गावच्या गाव रांगेत उभं राहून आपण कुठे चुकलो ते दुसऱ्या माणसाला तोंडाने सांगतं, हे मी आधी पाहिलेलं नव्हतं. ही माणसं येणाऱ्यासाठी जागा रिकामी करत होती.

मित्राचा काका रांगेत होता. त्याचं आणि त्याच्या भावाचं विहिरीच्या पाण्यावरून अनेक वर्षं बोलणं बंद. फादर काय म्हणाले ते अर्थातच कुणाला माहीत नाही. पण रात्री काकांनी काकूंकडून कलकलची बशी भरून घेतली, वर रुमाल टाकला आणि बांधापलीकडच्या घराकडे निघाले. दहा मिनिटांत रिकामी बशी घेऊन परत आले. "घेतलं. आत ये म्हणाला नाही," एवढंच बोलले आणि हात धुवायला गेले.

मंगळवार, २४ डिसेंबर

दिवसभर गोठा. नाक्यावरच्या मुलांनी पेंढ्याचं छप्पर, गोणपाटाचे डोंगर, ताटलीत उगवलेल्या नाचणीच्या कोंबांचं शेत असा देखावा उभा केला होता. बेथलेहेमच्या रस्त्यावर रहाटाची विहीर होती आणि मागून विरार लोकल जात होती. हत्ती ठेवायचा की नाही यावर जोरदार वाद झाला. हत्ती राहिला.

गोठ्याची ही पद्धत असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात रुजवली. खरा बैल, खरं गाढव, खरं गवत. डोळ्यांनी दिसल्याशिवाय लोकांच्या मनात उतरणार नाही, असं त्याला वाटत होतं. लूकच्या शुभवर्तमानात मात्र बैल नाही आणि गाढवही नाही. ते यशयाच्या ग्रंथाच्या सुरुवातीहून आले : बैलाला आपला मालक कळतो, गाढवाला धन्याची गव्हाण कळते, माझ्या लोकांना मात्र कळत नाही. म्हणजे ज्या दोन जनावरांकडे बघून मुलं खूश होतात, ती खरं तर माणसांना टोचायला तिथे उभी आहेत. हे मला गोठ्याला रंग देणाऱ्या दहावीतल्या मुलीने सांगितलं. धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकली होती.

मरिया, योसेफ, मेंढपाळ सगळे जागेवर होते. मधली गव्हाण रिकामी. बाळ काकूंच्या कपाटात, पांढऱ्या कापडात.

रात्री साडेदहाला निघालो. चर्चमध्ये माणसं मावत नाहीत म्हणून वेदी बाहेर पटांगणात मांडलेली. दवामुळे खुर्च्या ओल्या, सगळ्यांनी बसण्याआधी रुमालाने पुसल्या. गाणी चालू होती, बाजाची पेटी, तबला, व्हायोलिन आणि एक कीबोर्ड. साडेअकराला मित्राने घड्याळ दाखवलं. रोममध्ये तेव्हा संध्याकाळचे सात, पोप फ्रान्सिस सेंट पीटर बॅसिलिकाचं एरवी बंद असणारं पवित्र दार उघडत होते. पंचवीस वर्षांनी येणारं जयंतीवर्ष त्या क्षणी सुरू झालं, 'आशेचे यात्रेकरू' हे त्याचं सूत्र.

मग दिवे मंद झाले आणि एकाने नाताळाची घोषणा गायला सुरुवात केली. ही फार जुनी चीज आहे. जगाच्या निर्मितीपासून सुरू होते, अब्राहाम, मोशे, दावीद असं करत खाली येते, आणि मग तारीख पक्की करते : एकशे चौऱ्याण्णवावं ऑलिम्पियाड (ग्रीकांचा चार वर्षांचा कालखंड), रोम नगरीच्या स्थापनेचं ७५२वं वर्ष, ऑगस्टस कैसराच्या राज्याचं ४२वं वर्ष. मला हे फार आवडलं. 'एके काळी, एका नगरात' असं नाही, सरळ सरकारी कागदावर असावी तशी नोंद. जन्माचा दिवस शुभवर्तमानात कुठेच दिलेला नाही. २५ डिसेंबरचा सण रोममध्ये चौथ्या शतकात, इ.स. ३३६च्या सुमाराला पाळला जात असल्याची नोंद मिळते. तारखेबद्दल इथे कुणालाच फारसं काही वाटत नाही. देव प्रत्यक्ष काळात उतरला, हे त्यांना महत्त्वाचं आहे.

आणि मग ते राखून ठेवलेलं स्तोत्र. फादरांनी पहिली ओळ उचलली आणि मनोऱ्यातली मोठी घंटा, वेदीसेवक मुलांच्या हातातल्या घंट्या, सगळं एकदम सुरू झालं. चार रविवार न म्हटलेलं गाणं हजारो गळ्यांतून निघालं. माझ्या शेजारच्या आजोबांचा आवाज पार फाटका होता, पण ते सगळ्यात मोठ्याने गात होते. झगा आता पांढरा-सोनेरी, आणि मधली पाचवी मेणबत्ती पेटलेली.

अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला, हे यशयाचं वाचन झालं. मग लूक. शिरगणतीचा हुकूम, उतारशाळेत जागा नाही, बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवलेलं बाळ. देवदूत मेंढपाळांना खूण सांगतो ती हीच, बाळंतं आणि गव्हाण. मेंढपाळांच्या घरी दोन्ही असतं. त्यांना जाऊन ओळखता येईल अशीच खूण दिलेली आहे.

प्रवचनानंतर सगळ्यांनी उभं राहून श्रद्धेची कबुली देणारी प्रार्थना सुरू केली. ही दर रविवारी असते, मी परवाही ऐकली होती. मध्यावर आल्यावर, पवित्र आत्म्याच्या योगे तो कुमारी मरियेपासून देह धारण करून मनुष्य झाला, या शब्दांना, अख्खं पटांगण खाली गेलं. एरवी या ठिकाणी फक्त मान लववतात. गुडघे टेकतात ते वर्षातून दोनदा, नाताळाला आणि २५ मार्चला, मरियेला देवदूताचा निरोप मिळाला त्या दिवशी. मातीवर, दवात, नवीन कपड्यांनिशी. पुढच्या रांगेतल्या बाईने जरीच्या साडीच्या निऱ्या एका हाताने सावरल्या आणि दुसरा हात नवऱ्याच्या खांद्यावर टेकून ती खाली गेली. दोन ओळी, मग सगळे उठले, गुडघे झटकले आणि प्रार्थना पुढे गेली. मी उभाच होतो, एकटाच उंच.

चार दिवसांत नाताळाचा अर्थ मी चारजणांना विचारला असेल. शांती, प्रेम, आनंद अशी उत्तरं आली, सगळी खरी. पण मला विचाराल तर त्या दोन ओळींत जे झालं ते उत्तर. देव लहान झाला, इतका की दुसऱ्याने उचलल्याशिवाय हलता येऊ नये. आणि ते ऐकताना उभं राहणं त्यांना जमत नाही.

शेवटी फादरांनी बाळ येशूची मूर्ती हातात घेतली. लोक रांगेने येऊन तिच्या पायाचं चुंबन घेत होते, एक मुलगा कापडाने दर वेळी पाय पुसत होता. घरी आलो तेव्हा दीड वाजून गेला होता. काकूंनी कपाटातलं बाळ काढलं, घरातल्या सगळ्यात धाकट्या नातीच्या हाती दिलं आणि तिने ते गव्हाणीत ठेवलं, जरा तिरकं. मग कॉफी आणि केक.

बुधवार, २५ डिसेंबर

सकाळच्या मिस्सेत गोठा नाही, मेंढपाळ नाहीत. योहानच्या शुभवर्तमानाची सुरुवात वाचतात : प्रारंभी शब्द होता, आणि तो शब्द देह झाला, आमच्यामध्ये राहिला. रात्री गोष्ट, सकाळी तिचं तत्त्वज्ञान.

नंतर फादर आमच्याकडे चहाला आले. मी विचारलं, आमच्याकडेही मध्यरात्री बाळ जन्मतं, तुरुंगात, राजाच्या भीतीखाली. मग फरक काय? ते हसले, हा प्रश्न त्यांना दर वर्षी येत असणार. म्हणाले, साम्य आहेच, तीनशे-चारशे वर्षं आपण एकमेकांचे पाळणे ऐकतोय. पण आमच्या श्रद्धेत हे एकदाच झालं, आणि पुरतं झालं. भूक, थकवा, मरण सगळं धरून. तो दुष्टांना मारायला आला नाही, त्यांच्या हातून मेला. म्हणून जुन्या चित्रांत गव्हाण कधी कधी शवपेटीसारखी काढलेली असते आणि बाळंतं कफनासारखं. सणाच्या दिवशी इतकं स्पष्ट बोललेलं काकूंना पसंत पडलं नसावं. त्यांनी नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, बशी पुढे सरकवली.

बोलता बोलता फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचा विषय निघाला. इथल्याच नंदाखाल गावचे ते, उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, जुलैमध्ये गेले. त्यांच्याविना हा पहिला नाताळ.

दुपारभर बशा फिरत होत्या. कलकल, नेवऱ्या, केक. शेजारच्या हिंदू घरांतून रिकाम्या बशा साखर घालून परत. जेवणाबद्दल विशेष लिहीत नाही, लिहिलं तर तेवढंच लिहावं लागेल. तांदळाच्या रोट्या आणि इंद्याल हे मांसाचं झणझणीत कालवण, बस्स. सांताक्लॉज एक आला, टेम्पोतून, पोरांना गोळ्या वाटून गेला. आजीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी काका अंगणात बसले होते. बांधापलीकडून एक मुलगी आली, हातात झाकलेली बशी. काकांनी ती घेतली, रुमाल उचलून आत बघितलं आणि म्हणाले, "नेवऱ्या. वहिनीच्या हातच्या." नंतर बराच वेळ ते त्या एकट्यानेच खात होते, आम्हाला विचारलं नाही.

गुरुवार, २६ डिसेंबर

निघण्याआधी सकाळची मिस्सा. झगा लाल. आज संत स्तेफनचा दिवस, दगडांनी ठेचून मारलेला पहिला ख्रिस्ती हुतात्मा. मारणाऱ्यांना क्षमा कर म्हणत मेला. परवा, २८ला, हेरोद राजाने मारलेल्या निष्पाप बालकांचा दिवस. नाताळाच्या पाठोपाठ लगेच रक्त, हे कॅलेंडर कुणी मुद्दामच लावलेलं असणार. मित्राला विचारलं तर म्हणाला, "आईला विचार, तिला पहिल्यापासून हे दिवस आवडत नाहीत." काकू म्हणाल्या, आवडत नाहीत म्हणून तर जाते.

स्टेशनकडे जाताना एका दुकानदाराने सगळी सजावट उतरवून खोक्यात भरायला घेतली होती, नवीन वर्षाचा माल लावायचा म्हणून. वाड्यांमध्ये मात्र तारे तसेच. चर्चच्या हिशेबात नाताळ कालच सुरू झालाय, अजून तीन राजांचा सण यायचाय, मग प्रभूच्या बाप्तिस्म्याचा, तोवर कुणी शिडी लावणार नाही. आजीने सुकेळ्यांचं, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचं, पुडकं दिलं होतं आणि बजावलं होतं, गाडीत उघडू नको, वास सुटला की सगळे मागतात. बोरिवलीपर्यंत धीर धरला.